आधी पावलं

बायपास होऊन घरी आल्यावर आप्पांनी खाटच धरली. डॉक्टर सांगत होते, फिरा. आणि हे दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले. ऑपरेशनातून वाचलेले माझे वडील आता मनानंच चाललेत की काय, या भीतीनं माझा जीव उडून जायचा. रागही यायचा.

मी बेळगावात चित्रकला शिकवते. एका शनिवारी निपाणीजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा त्यांना उठवून बसवायचं निमित्त म्हणून म्हटलं, तुमचं चित्र काढते. कोरियातल्या जुन्या व्यक्तिचित्रांची मांडणी तेव्हा माझ्या डोक्यात बसली होती. माणूस एकटा, किंचित वळून बसलेला, हात बाह्यांत लपलेले आणि मागं काही म्हणजे काही नाही. तसाच छातीपर्यंतचा कच्चा आराखडा करून मी त्यांना दाखवला.

आप्पांचा चेहरा उतरला. "आत्तापास्नंच हार घालायचा फोटू करून ठेवतीस व्हय गं?"

आत आई भांडी आपटायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडं कोऱ्या जागेत एकटं माणूस म्हणजे गेलेलं माणूस, हे मला कळू नये?

सावरासावर म्हणून मोबाईलवर एक मूळ चित्र दाखवलं. आप्पा बोटानं ते सरकवत खाली गेले. चित्रातला म्हातारा खुर्चीत बसलेला, पायांखाली बुटकी चौकी आणि तिच्यावर बूट घातलेली पावलं. भोवती एवढं मोकळं असूनही तो तरंगत नव्हता, तो त्या पावलांमुळं.

"ह्यो जित्ता हाय की," आप्पा म्हणाले. "हाराच्या फोटूला पाय नसत्यात. तुजं अर्धंच हाय. माजी पायताणं आण."

दवाखान्यातून आल्यापासून त्या चपला तशाच पडून होत्या. आईनं त्या पुसून दिल्या, पण चपला ठेवायला पाट काही देईना. शेवटी टोमॅटोचा क्रेट उलटा केला आणि आप्पा चपला घालून, त्यावर पाय ठेवून खुर्चीत बसले. मी आधी पावलंच काढली.

पेन्सिलीला टोक करायला आत गेले आणि परत येते तो खुर्ची रिकामी! हाका मारत गल्लीच्या तोंडापर्यंत पळाले. आप्पा देवळाच्या कट्ट्यापाशी शेजाऱ्याशी ऊसतोडीवरून तावातावानं भांडत उभे होते.

"आप्पा, चेहरा राहिलाय!" मी ओरडले.

"ऱ्हाऊ दे की. उद्या काढ."

उद्या म्हणाले. मी भर रस्त्यात रडले आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.