नवसाचा चुडा आणि ढिला हात

माझी माय छातीच्या गाठीनं गेली, थोरली बहीणही त्यानंच. तिसरी मी, ऑपरेशन झालं अन् वाचले. आमच्या कंधारात बायका म्हणायच्या, माहूरच्या देवीचं काही राहिलं असंल. मलाही तेच वाटायचं. मग लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हे रक्तातून आलेलं असू शकतं. आधी तुमचं रक्त तपासू. दोष सापडला तर लेकीला वेळेत सावध करता येईल."

मुरुडला दिलेली माझी लेक शोभा, तिच्यासाठी मी व्हय म्हणाले. खरं सांगायचं तर माझाही लोभ होता. आपल्या हातून देवीचं काही चुकलं न्हाई, एवढं तरी कळावं. पण रक्त द्यायच्या दिवशी दवाखान्यात मन मागं फिरलं. दोष निघाला तर लेकीच्या अंगात हे मीच घातलं म्हणायचं की.

ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला सुई टोचत न्हाईत. दुसऱ्या हाताच्या कोपरात शीर सापडेना. सिस्टर म्हणाली, "मावशी, मनगटावर बघते, बांगड्या काढा."

मला निमित्तच मिळालं. "नवसाचा चुडा हाय. फुटला तर अपशकुन. राहू द्या आता."

शोभा चिडली. "आई, देवीच्या आडून पळून राहिलीस तू."

बाकावर बुरखा घातलेली एक म्हातारी बसली होती, ती उठून आली. "आमचं खानदान बांगड्या भरणारं, भाभी. एक बी फुटू देणार न्हाई. फक्त हात ढिला सोडा. माणूस हात आवळतं, म्हणून बांगडी फुटते."

माझा गार पडलेला पंजा तिनं आपल्या उबदार हातात घेतला अन् अंगठ्याखाली दाबत एकेक बांगडी उतरवली. रक्त दिल्यावर तशाच परत भरल्या. बांगड्या भरणारीला करायच्या रीतीप्रमाणं मी तिला वाकून नमस्कार केला. विचारलं, तुमचं कोण हाय इथं? "लेक आत हाय, छातीच्या गाठीच्या ऑपरेशनला. माझ्या मायला बी हेच होतं. आम्हाला तपासून घ्या म्हणणारं कुणी भेटलं न्हाई."

माझ्या रिपोर्टात दोष निघाला. लई रडले. शोभानंही रक्त दिलंय, तिचं अजून कळायचंय. भीती गेली म्हणाले तर खोटं होईल. फोन वाजला की धडधडतं. ती बाई परत दिसली न्हाई. तिला कुणी धाडलं, हे मी विचारत न्हाई. तिच्या लेकीसाठी तेवढा एक दिवा जास्तीचा लावते. देवीपुढं बसले की मुठी आपोआप आवळतात. मग चुड्याकडं बघते, अन् हात ढिला सोडते.