प्रुफात नसलेल्या ओळी

सुरुवातीलाच स्पष्ट करते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. भयकथा माझ्याकडे येतात त्या भीती म्हणून येत नाहीत, छपाईच्या फॉर्म्यांच्या हिशोबानं येतात. किती पानं, कोणता टाइप, समास किती सोडायचा, दुसरं प्रूफ कधी द्यायचं. नळदुर्गात हायवेपासून जरा आत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीची कामं, शाळांची गॅदरिंगची पत्रकं, आणि वर्षाकाठी एखाददुसरं पुस्तक. रोज सकाळी दिवसभराच्या कामांची यादी करते आणि शटर ओढायच्या आधी एकेक काम खोडते. असा माझा स्वभाव. अनुभव वगैरे प्रकार त्या यादीत कधी नव्हता.

गेल्या वर्षी जिल्ह्यातल्या काही हौशी लेखकांनी मिळून आजच्या काळातल्या भयकथांचा एक संग्रह काढायचं ठरवलं. जुन्या विहिरी, वडाची झाडं नकोत. फ्लॅट, मोबाइल, टोलनाके, सीसीटीव्ही असलं सगळं. काम माझ्याकडे आलं. टायपिंगसाठी ठेवलेल्या मुलीनं टाइप केलं, प्रुफं निघाली.

आता आमची प्रूफ वाचायची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे आक्का, अणदूरला राहतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त. दर रविवारी एसटीनं येतात आणि मागच्या खोलीत बसून लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचतात... चिन्हांसकट. ‘तिनं कडी लावली पूर्णविराम नवा परिच्छेद.’ मी पुढं काउंटरवर प्रूफ घेऊन बसते, म्हणजे गिऱ्हाइकाकडेही लक्ष राहतं. मध्ये हार्डबोर्डचं पार्टिशन आणि दाराला पडदा. त्या मला दिसत नाहीत, मी त्यांना दिसत नाही. नियम एकच : वाचणाऱ्यानं थांबायचं नाही आणि ऐकणाऱ्यानं प्रुफावरून नजर उचलायची नाही. एखादी ओळ टाइप करताना गळली असेल, तर तिथं काकपदाची खूण करायची आणि ती ओळ समासात लिहून घ्यायची. चर्चा नंतर.

त्या रविवारी आक्का आल्या त्याच घाम पुसत.

“जेवलात का?” मी विचारलं.

“व्हय, जेवूनच आले. तुझा काय प्रश्न असतोय दरवेळचा? मास्तरीण मी का तू?”

“शुगरच्या माणसानं वेळेवर खावं म्हणून विचारते.”

“बरं बरं. आण ती भुतं हिकडं. मागल्या रविवारच्या कथेतलं भूत लई शहाणं होतं, लिफ्टचं बटण बी दाबत नव्हतं. आमच्या गावाकडची भुतं कष्टाळू.”

हसत हसत त्या आत गेल्या. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कथा तामलवाडीच्या एका तरुणानं लिहिलेली होती. पुण्यात आठव्या मजल्यावर एकटी राहणारी बाई, दाराची बेल वाजते, कॅमेऱ्यात कुणी दिसत नाही, अशी. आक्कांनी वाचायला सुरुवात केली. एवढ्यात एक मुलगी आधार कार्डाच्या प्रती काढायला आली. मी मशीन सुरू केलं, प्रती दिल्या, परत बसले. आतून वाचन चालूच होतं. जिथं बोट ठेवलं होतं तिथून जराच पुढं गेलं होतं. मी पुन्हा जागा पकडली.

पानामागून पान. सगळं ओळीला ओळ. एखादा अनुस्वार, एखादा राहिलेला स्वल्पविराम, बाकी काही नाही. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते. आक्कांचा आवाज मला तोंडपाठ आहे... स्वल्पविराम म्हणताना ‘ल्प’वर जोर, अवतरणचिन्हाला ‘आवतरण’. तोच आवाज होता. एकदम एकसारखा.

मग एक ओळ आली, ती प्रुफात नव्हती.

‘हौदाच्या कडेची फरशी तापली होती पूर्णविराम.’

ओळ गळलेली दिसते, म्हणून मी काकपद केलं आणि समासात लिहिलं. लिहिता लिहिता मनात आलं, आठव्या मजल्यावर हौद कुठून आला? शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. लेखकाला विचारू.

‘तिचा एक हात त्या फरशीवर होता पूर्णविराम चप्पल एकाच पायात होती पूर्णविराम.’

पुन्हा काकपद. आता मला टायपिंगच्या मुलीचा राग यायला लागला. एवढं सगळं गाळलं? समास भरत आला होता. मी मोठ्यानं म्हटलं, “आक्का, जरा हळू.”

आवाज हळू झाला. थांबला मात्र नाही. पाणी पिण्यासाठी नाही, पान उलटण्यासाठी नाही. पान उलटल्याचा आवाजच खूप वेळ आला नव्हता, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय; तेव्हा माझं सगळं लक्ष पेनाच्या टोकाशी होतं.

‘तिनं हाक मारली होती स्वल्पविराम पण पुढच्या मशीनच्या आवाजात ती कुणाला ऐकू गेली नाही पूर्णविराम.’

लिहिलं.

‘सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं पूर्णविराम खंडोबाचा रविवार धरला होता पूर्णविराम गोळी मात्र घेतली होती पूर्णविराम.’

‘गोळी मात्र’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. आठव्या मजल्यावरच्या बाईचा रविवारचा उपवास? कथेत कुठंच नाही. नियम मोडून मी उठले.

“आक्का?”

आतून उत्तर आलं नाही. वाचन आलं. ‘नवा परिच्छेद.’ अगदी जवळून, पडद्याला लागून.

पडदा बाजूला केला.

खुर्ची रिकामी होती. टेबलावर मूळ प्रत, तिच्यावर घडी केलेला चष्मा. कथेचं पहिलंच पान वर होतं, ते उलटलेलंच नव्हतं. पंख्यानं कागदाचा कोपरा उडत होता. आवाज बंद झाला होता. मागचं दार सताड उघडं.

दुकानाच्या मागं सगळ्या गाळ्यांचा मिळून पाण्याचा एक हौद आहे. आक्का त्याच्या कडेला पडल्या होत्या. एक हात तापलेल्या फरशीवर. एका पायात चप्पल, दुसरी दारात. ऊन रणरणत होतं आणि त्यांचं अंग गार, घामानं भिजलेलं. डोळे अर्धे उघडे, पण ओळख नाही.

मी ओरडले. शेजारी पंक्चर काढणारे रफिकभाई धावत आले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नसतं एवढं मला ठाऊक होतं. चहाच्या डब्यातली साखर बोटावर घेऊन त्यांच्या हिरड्यांवर चोळत राहिले. रफिकभाईंनी रिक्षा आणली. “भाभी, तुम्ही जा यांना घेऊन. दुकान मी बघतो,” म्हणाले. दवाखाना जवळच होता, पण रस्ता संपेना. आक्कांचं डोकं माझ्या मांडीवर, आणि मी नुसती त्यांच्या गालावर चापट्या मारत “आक्का, आक्का” करत होते.

ग्लुकोजची बाटली लागली. डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली होती, आणखी थोडा वेळ तशाच पडून राहिल्या असत्या तर काही सांगता आलं नसतं. मी बाकावर बसून यजमानांना फोन लावला.

जरा वेळानं रफिकभाई किल्ली द्यायला आले. आधी आक्कांची चौकशी केली. मग जरा अवघडून म्हणाले, “भाभी, शटर अर्धंच ओढलंय बरं का. पोराला तिथं उभं करून आलोय.”

“अर्धं का?”

“आत पडद्यामागं बाई आहेत ना तुमच्या. मी आवाज दिला, ‘बंद करतोय, भायेर या.’ त्या काय उठेनात. वाचतायत आपल्या... पूर्णविराम, पूर्णविराम. म्हटलं, राहू दे, काम अर्जंट असंल.”

“वाचतायत?” मी म्हटलं.

“कोण हायत त्या?” रफिकभाईंनी विचारलं. “नवीन ठेवल्या का कामाला?”

मी किल्ली घेतली. आक्का माझ्यासमोर कॉटवर होत्या, हाताला सुई लावलेली.

संध्याकाळी यजमानांना सोबत घेऊन दुकानात गेले. आत कुणी नव्हतं. चष्मा, मूळ प्रत, खुर्ची, सगळं जसंच्या तसं. मी शक्यता एकेक करून तपासल्या, तो माझा स्वभावच. मोबाइलवर रेकॉर्डिंग? आक्कांचा फोन साधा, आणि तो त्यांच्या पिशवीत होता. रेडिओ, टीव्ही दुकानात नाही. शेजारच्या गाळ्यातून आवाज? तो गाळा कुलूपबंद. मला भास झाला म्हणावं, तर भास होऊन गळलेल्या ओळी समासात लिहिता येतात का? आणि रफिकभाईंना कसला भास? त्यांना तर प्रूफ म्हणजे काय हेही माहीत नाही.

तामलवाडीच्या लेखकाला फोन केला. “हौद? नाही हो मॅडम, माझ्या कथेत कसला हौद? काही चुकलं का माझं?” बिचारा घाबरला. नाही म्हटलं, तुमची कथा चांगली आहे.

आक्का बऱ्या होऊन अणदूरला गेल्या. दोन-तीन कथा वाचायच्या राहिल्या होत्या. मी कुणा दुसऱ्याला सांगणार होते, पण त्यांनी निरोपावर निरोप पाठवले, म्हणून बाड घेऊन त्यांच्याच घरी गेले. आधी त्यांना भरपूर बोलून घेतलं. उपवास करायचा होता तर सांगायचं होतं, खोटं कशाला बोललात, वगैरे. आणि पडद्याआडचं ते वाचनही सगळं सांगितलं. त्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

“पहिलं पान झालं अन् डोळ्यापुढं अंधारी आली. तुला हाक मारली. तुझं मशीन चालू होतं. म्हटलं जरा वाऱ्याला बसावं... पुढचं काय ध्यानात न्हाय.” मग त्यांनी विचारलं, “सुनंदा, ती कशी वाचत होती गं?”

“तुमच्यासारखीच.”

“मधी खोकली?”

मी आठवून बघितलं. “नाही.”

“पाणी प्यायली?”

“नाही.”

“मग मी न्हवं ती.” आक्का उशीला टेकल्या. “मी दर पानाला ठसकते.”

बाहेर कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

“पण उपवासाचं अन् गोळीचं तिला कोण सांगितलं? तुलाबी न्हाय, घरातबी न्हाय, मी कुणालाच बोलले नव्हते.”

राहिलेल्या कथा आम्ही समोरासमोर बसून वाचल्या, एकमेकींच्या तोंडाकडे बघत. पार्टिशन मी काढून टाकलं. संग्रह छापून झाला आणि बऱ्यापैकी खपला. तामलवाडीची कथा त्यात मूळ प्रतीबरहुकूम आहे. जे मूळ प्रतीत नाही ते छापायचं नाही हा धंद्याचा नियम, म्हणून समासातल्या त्या ओळी मी माझ्या हातानं खोडल्या. खोडताना मात्र, आमच्या कामात कधी कुणी म्हणत नाही ते, तोंडातल्या तोंडात म्हटलं : जी कुणी असशील ती, उपकार झाले बाई. मग आपसूक कान देऊन बसले. मागची खोली शांत होती.