आधी जेवून घ्या

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, माझं डोकं अजून फिरलेलं आहे. परशुराम! अख्ख्या हुबळीत असा शिंपी नाही आणि असा भिडस्त माणूसही नाही.

दोन हजार साली भीमसेनअण्णांनी स्टेशनजवळ लॉज काढला. पडदे, उशांचे अभ्रे, वेटरांचे कोट, सगळं आमच्या घरात शिवलं. कापड ह्यांनी दुर्गदबैलाच्या बाजारातल्या संजीवशेठकडून उधारीवर उचललं, शिलाई मशीन तारण लिहून देऊन. मशीन घरातच राहायचं, पण पैसे फिटले नाहीत तर शेठचं. लॉज धडाक्यात सुरू झाला. आमचे अठरा हजार मात्र येईनात.

हे दर सोमवारी मागायला जायचे. अण्णा लांबूनच ओरडायचे, "मदल ऊट माडरी, आमेल मात!" आधी जेवून घ्या, मग बोलू. हे जेवायचे. होळीगी, म्हणजे आपली पुरणपोळीच, वर तूप. आणि ज्याचं खाल्लं त्याच्या तोंडावर पैसे कसे मागायचे, म्हणून हात धुऊन परत! चौदा महिने, बाई, चौदा महिने! बिलसुद्धा लिहून दिलं नाही. "घरच्यासारखा माणूस गं, त्याला कागद काय द्यायचा?"

शेवटी शेठनी शनिवारची मुदत दिली. शुक्रवारी मीच उठले. निर्जळी उपास आहे सांगायचं, असं ठरवूनच गेले. उपास कसला न् काय, चांगली भाकरी खाऊन निघाले होते.

अण्णांनी ताट मागवलं. मी म्हटलं, "उपास आहे, पाणीही नको. अण्णा, उद्या आमचं मशीन जातंय हो. पाया पडते, पैसे द्या."

अण्णांचा चेहरा बदलला. "आमच्याकडचं पाणीसुद्धा चालत नाही, अक्का? मग व्यवहारच बोलू. बिल दाखवा."

काय दाखवणार, कपाळ? समोरून एक वेटर चालला होता. त्याच्या कोटाची काजं माझ्या हातची. मी तो कोट दाखवला.

"त्यावर तुमचं नाव आहे का?" अण्णा म्हणाले.

रस्ताभर रडत आले. कोण बघतंय, कोण नाही, काही भान नव्हतं.

शनिवारी सकाळी शेठची दोन माणसं हातगाडी घेऊन आली. आणि आमचे हे! सतरंजी टाकून म्हणतात, "बसा, बसा. इंदू, चहा टाक." मेलं ते अगत्य! पण मी टाकला. वाटलं, दोन घोट पोटात गेले तर सोमवारपर्यंत तरी थांबतील. दोघांच्या पुढ्यात कप ठेवले.

त्यांच्यातल्या थोरल्यानं कपाला हात लावला नाही. "नको, वहिनी. शेठनी बजावलंय, तिथं पाणीसुद्धा पिऊ नका."

मग त्यांनी मशीन उचललं. दारात ते अडकलं, तेव्हा ह्यांनीच एका बाजूनं हात लावून बाहेर काढून दिलं.