पुस्तकातलं 'मी'

माझं अक्षर किरटं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ चौथीत होता तो तसाच राहिला. हे माझ्यापुरतं लिहिते आहे. तरी कुणाच्या हाती लागलंच, तर त्यांनी चुका पोटात घालाव्यात.

माझं माहेर भोरचं. तिथल्या मुलींच्या शाळेत चौथी झाले आणि लग्न होऊन राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या बाजूला आले. हे भोर-पुणे सर्व्हिस मोटारीवर तिकिटं फाडायचे. आठ-पंधरा दिवसांनी घरी येत, तेव्हा पुण्याच्या रद्दीवाल्याकडून माझ्यासाठी एखादी कादंबरी आणत. मला चार माणसांत बोलता येत नसे. कुणी साधं काही विचारलं तरी पदर तोंडाशी जाई. पुस्तक हातात आलं की मात्र माझा आवाज मोकळा होई.

ओढ होती ती रहस्याच्या कादंबऱ्यांची. चोर-दरोडेखोरांच्या नव्हे. ज्यांत घर शांत असतं, माणसं जेवतात, पान खातात, आणि त्यांतल्याच एकाच्या मनात काहीतरी शिजत असतं, तसल्या. पुस्तक मिटलं तरी ती माणसं डोक्यातून जात नसत. भाकरी थापताना वाटे, समोर बसून कांदा फोडणारे मामंजी आत्ता मनात काय म्हणत असतील? मामंजी म्हणजे माझे सासरे. ते कांद्याचाच विचार करत असत, पण माझा जीव थाऱ्यावर नसे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ऐकायचा नाद माझ्याहून मोठा. दुपारी तांदूळ निवडायला बसल्या की म्हणत, "काढ गं तुझं ते मेलेलं मानूस." मग मी मोठ्यानं वाचे.

एका वर्षी होळीच्या सुमाराला ह्यांनी एक कादंबरी आणली. तीत सगळी हकिकत एक नवराच सांगत होता. बायको दिवसेंदिवस खंगत चाललेली, आणि हा तिच्या उशाशी बसून. एका पानावर म्हणे, मी तिची सेवा केली. चार पानांनी म्हणे, औषधात मी काय कालवलं ते मला आठवत नाही.

"ह्यो लबाड हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"पण आत्याबाई, तोच तर सांगतोय सगळं."

"म्हनून तर."

पुढच्या पानावर ते वाक्य आलं. 'मी तिला रोज थोडं थोडं विष घातलं. तिला कळलंही नाही.' मी ते अगदी भान विसरून वाचलं. आत्याबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

आमच्या घराची मधली भिंत कुडाची होती. पलीकडे मामंजींच्या चुलतभावाची बायको राहायची, माझी चुलतसासू. दोन दिवसांनी सकाळी तिची दुभती म्हैस गोठ्यात मरून पडलेली सापडली.

तिनं आधी ऊर बडवला, मग सरळ आमच्या अंगणात आली. चार बायका मागे होत्या.

"तुमच्या सुनंनं मारली माझी म्हस. तिच्या तोंडानं ऐकलंय म्या. 'मी तिला इष घातलं, रोज थोडं थोडं,' असं सांगत हुती तुमास्नी."

"अगं बये, ती पुस्तक वाचत हुती," आत्याबाई म्हणाल्या.

"पुस्तक मी कसं म्हनंल? पुस्तकाला काय तोंड हाय?"

मी दाराआड उभी होते. बाहेर जाऊन पुस्तक दाखवावं, तर ते वाचून कोण बघणार? आणि ते वाक्यही असं, की त्यातलं 'मी' बाईचं की बुवाचं ते कळत नाही. घातलं, दिलं, मारलं, सगळ्यांना सारखंच. त्यात 'तिला' म्हणजे बायकोला की म्हशीला, हेही वाक्य सांगत नव्हतं.

आत्याबाईंना मग एक युक्ती सुचली. "नीट आठव. ती मी म्हनली का म्या म्हनली?"

चुलतसासू गडबडली. "मी म्हनली."

"मग? आपल्यात मानूस सोताचं सांगताना म्या म्हनतं. म्या केलं, म्या दिलं. मी केलं, हे पुस्तकातलं बोलनं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात चुलतसासू म्हणाली, "व्हय, पर ही भोरची. शिकलेली. ही पानी आनलं तरी 'मी आनलं'च म्हनती."

आणि ते खरं होतं.

मामंजी उठले. आतून चाळीस रुपये आणून त्यांनी चुलतसासूच्या पुढ्यात ठेवले. म्हणाले, "भावकीत तंटा नको. दुसरं जनावर घे." माझ्यावर ते एका शब्दानं रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पैसे दिले म्हणजे गुन्हा कबूल केला, असंच गावानं धरलं. माझ्या हातचं ताक कुणी घेईना. पाणवठ्यावर गेले की पोरं आयांच्या मागे सरकायची. आत्याबाईंनी पुस्तक फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. त्या नवऱ्यानं खरंच विष घातलं होतं का, ते तसंच अर्धवट राहिलं.

ह्यांना कळलं तेव्हा हे म्हणाले, "माझंच चुकलं. मी देवाधर्माचं आणायला पाहिजे होतं."

पण खरा त्रास वेगळाच होता. त्याच दिवसांत आमच्या पितळी पातेल्याची कल्हई गेली होती आणि त्यातलं ताक कळकलं होतं. हिरवट, विषारी झालेलं ते ताक मी परसात ओतलं होतं. आधी मला पक्कं आठवत होतं, शेवग्याच्या बुंध्यात ओतलं. मग वाटायला लागलं, कदाचित जरा पलीकडे असेल. महिन्याभरानं डोळे मिटले की मला माझेच हात दिसायचे, चुलतसासूच्या म्हशीच्या पाण्याच्या डोणीत ताक ओतताना. पुस्तकातल्या त्या माणसाला औषधात काय कालवलं ते आठवत नव्हतं. मला तर न घडलेलंही आठवायला लागलं होतं. बोलताना मी 'म्या' म्हणायला लागले. म्या भांडी घासली, म्या शेण काढलं. तोंडात ते खड्यासारखं लागे.

शेवटी न राहवून आत्याबाईंना ताकाचं सांगितलं.

"तेवढ्या ताकानं म्हशीला ढेकर बी आला नसता. अगं येडे, ह्ये डोक्यात घिऊन हिंडतीस व्हय वरीसभर?"

मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी शेवग्यापासून डोणीपर्यंतचं अंतर बघत उभी होते.

पुढच्या होळीला चुलतसासूची नवी रेडी पडली. आमच्याच पैशांनी घेतलेली. मी तेव्हा भोरला माहेरी होते, म्हणून यातलं मी ऐकलेलंच सांगते. रेडीच्या तोंडात तेल ओतायला तिनं जबडा उघडला, तर दाताला वाळकी पानं चिकटलेली. कण्हेरीची. दर वर्षी होळीच्या आधी ती परसातली कण्हेर छाटायची आणि फांद्या जळणाला वाळत गोठ्याशी रचायची. ओल्या कण्हेरीला जनावर तोंड लावत नव्हतं, वाळलेली मात्र खाल्ली, आणि वाळली तरी तिचं विष जात नाही. रेडी गेली.

ती गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण तिनं ती पानं आणून आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "तुमच्या सुनंला माघारी बोलवा. म्या पाप केलं."

मी आले त्या दिवशी ती आमच्या अंगणात आली. नुसती म्हणाली, "चाळीस रुपये हायेत तुमचं. येकदम न्हाई जमायचं."

मामंजी म्हणाले, "राहू दे, भावकीतलं हाय." मला आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांच्या मध्ये बोलावंसं वाटलं. पण बोलल्या त्या आत्याबाई. "राहू दे कसं? दिलं तवा समद्यांनी बघितलं. घेतल्याला बी बघू द्या."

ती देत राहिली. कोंबड्या विकून दोन, तूप विकून तीन. मध्ये एक वर्ष भाताचं पीक बुडालं, तेव्हा काहीच नाही. पुस्तक माळ्यावरून खाली आलं, आणि वाचायला बसले की ती अलीकडे येऊन बसायला लागली. "पलीकडनं निम्मंच ऐकू येतं," म्हणाली. शेवटी निघालं ते असं, की त्या नवऱ्यानंच विष घातलं होतं. जाणूनबुजून, आणि आठवत नसल्याचं सोंग स्वतःशीच करत होता.

"बघा," चुलतसासू म्हणाली. "म्या ऐकलं ते खरंच हुतं. नुसतं मानूस चुकलं."

आत्याबाई इतक्या हसल्या की सूप सांडलं. मी हसले, पण आतून हलले होते. त्यानंतरही परसात काही ओतताना मी आधी कुठं ओततेय ते बघे. ती सवय गेली नाही.

शेवटचे दोन रुपये तिनं नसरापूरच्या बाजारात मिरच्या विकून आणले. त्याच चार बायका तिनं स्वतः हाका मारून आमच्या अंगणात गोळा केल्या होत्या. मामंजींनी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "तुमच्या न्हाई, तिच्या हातावर."

मी पदर सावरत बाहेर आले. तिनं दोन्ही रुपये माझ्या तळहातावर ठेवले. "आता चाळीस पुरं," ती बायकांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली.

पदर तोंडाशी न नेता मी म्हणाले, "मिळाले."