फळ्यावरची फक्की

ती पांढरी भिंत आजही डोळ्यांसमोर येते. गुरुजी गेल्यापासून तर जरा जास्तच. इथे कुणाचं नाव लिहीत नाही.

शिरूरहून दौंडकडे जाताना उसाचा पट्टा लागतो. गाळप सुरू झालं की पाटसच्या साखर कारखान्याच्या बाजूने मळीचा वास येतो आणि सकाळी धुक्यात रस्ता, ऊस, माणसं सगळंच अर्धवट पुसल्यासारखं दिसतं. त्या पट्ट्यात गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. दर निवडणुकीला त्यांना केंद्राध्यक्षाची ड्यूटी असे, मला पोलीस बंदोबस्ताची. यंत्र सील झालं की आम्ही व्हरांड्यात पुस्तकांबद्दल बोलत बसायचो. पुढे वाड्यावस्त्यांवरच्या लहान शाळा बंद करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि विधानसभेला अपक्ष उभे राहिले. चिन्ह मिळालं फळा.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी ठाण्यात फोन आला.

"सायेब, गुरुजींच्या शाळंत फळ्याला चुना फासलाय. लोकं पेटल्यात. बिगीनं या."

गुरुजींचा जुना वर्ग हेच मतदान केंद्र होतं. आम्ही पोहोचलो तर सिमेंटचा तो भिंतीतला फळा सगळा पांढरा. बाहेर जमावाने एका रंगाऱ्याला धरून ठेवलं होतं. तो विरोधी उमेदवाराचा कार्यकर्ता होता आणि त्याच्या विजारीवर चुन्याचे ताजे डाग होते.

"म्या आप्पांच्या गोठ्याला चुना देत व्हतो, सायेब. शाळंकडं फिरकलो बी न्हाई."

"मग म्हशींची साक्ष काढू का?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

त्याला तिथे ठेवणं धोक्याचं होतं. ठाण्यात आणून मी चौकशी केली. उलटसुलट विचारलं. खोटं बोलणाऱ्याची हकीकत दर वेळी थोडी वाढते, असा माझा अनुभव आहे. याची वाढत नव्हती. हवालदार गोठा पाहून आले. तिथला चुना खरोखरच ओला होता. पण जमाव आता ठाण्याच्या फाटकाशी आला होता. याच्यावर गुन्हा दाखल करा, नाहीतर उद्या गावात मतदान होऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. सोडला तर मार खाईल, ठेवला तर एका निरपराध माणसावर डाग लागेल.

मी पुन्हा शाळेत गेलो. बाकावर बसून नुसता त्या भिंतीकडे पाहत राहिलो. जमिनीवर एक थेंब नव्हता. चौकटीची कड सरळ राखली होती. सरकवलेले बाक पुन्हा रांगेत लावले होते. राग काढायला आलेला माणूस बाक रांगेत लावत नाही.

मुख्याध्यापिका बाईंनी भिंतीवरून बोट फिरवलं. "हा चुना नाही, साहेब. ही फक्की आहे. खो-खोचं मैदान आखायची."

फक्कीचं पोतं खेळाच्या कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली दाराच्या चौकटीवर, आपल्या जागी.

"ही जागा कुणाला माहीत आहे?"

"मला. आणि गुरुजींना."

गुरुजी घरी पुस्तक वाचत होते. प्रचार संपला तसा त्यांनी फोन बंद करून ठेवला होता. त्यांची बोटं पांढरी होती. इतकी वर्षं ती तशीच पाहिल्यामुळे मला आधी काही वाटलं नाही. मग लक्षात आलं, या हातात कित्येक महिन्यांत खडू आलेला नाही.

"गुरुजी, फळा तुम्ही रंगवलात?"

"हो," ते सहज म्हणाले. "उमेदवाराचं चिन्ह मतदानाच्या खोलीत दिसता कामा नये. कार्यालयाने कागद लावायला सांगितलंय, पण त्या भिंतीवर चिकटपट्टी धरत नाही. भर मतदानात कागद पडतो, पोलिंग एजंट भांडतात आणि हाल होतात केंद्राध्यक्षाचे. मी भोगलंय ना ते."

स्वतः उमेदवार असताना त्यांना काळजी पडली होती केंद्राध्यक्षाची! मी त्यांना रंगाऱ्याबद्दल सांगितलं. ते ताडकन उठले आणि पायांत चपला सरकवल्या. त्यांचा प्रचारप्रमुख दारात आडवा झाला. तो त्यांचाच जुना विद्यार्थी.

"गुरुजी, बसा खाली. आख्खा पट्टा तुमच्यासाठी पेटलाय. ह्या चुन्यावरच उद्या मतं पडत्यात. त्या गड्याला परवा सोडवू की."

"परवापर्यंत त्याच्या पोरांनी शाळेत कुठल्या तोंडानं बसायचं?"

"आन् पडलो तर?"

"पडलो तर पडलो. बाजूला हो."

वर्गात ऐकायचा तसा तो बाजूला झाला.

ठाण्याच्या पायरीवर उभं राहून गुरुजींनी सांगितलं, "फळा मी पांढरा केला. त्या माणसाचा काही दोष नाही." गर्दीतले एक आबा म्हणाले, "गुरुजी, येवढं सरळ हायसा तर आमदारकीला कशापायी हुबं ऱ्हायलात वो?" लोक हसले. गुरुजीही हसले. गर्दी पांगली. विनापरवानगी शाळेत शिरल्याबद्दल मी त्यांचा जबाब घेतला, तो त्यांनी शांतपणे वाचून सही केली. बाहेर आलेल्या रंगाऱ्यापुढे त्यांनी हात जोडले.

तो ओशाळला. "परत काळा करायचा तवा मला हाक मारा, म्हंजी झालं."

गुरुजी पडले. निकालानंतर त्या दोघांनी मिळून फळा काळा केला, असं बाईंनी मला सांगितलं.

गुन्हा घडला की फायदा कुणाचा, हे आधी पाहायला आम्हाला शिकवतात. मीही आयुष्यभर तेच पाहिलं. त्या दिवशी तो प्रश्न मला भलत्याच माणसाकडे घेऊन गेला होता. कुणी काही करतं ते स्वतःच्या तोट्याचंही असू शकतं, आणि करताना त्याला तो तोटा दिसतही नाही, हे मी गुरुजींच्या पांढऱ्या बोटांकडे पाहून शिकलो.

परवा त्यांची शोकसभा त्याच वर्गात झाली. बाहेर धुकं होतं. हवा दमट असली की त्या काळ्या रंगाखालून फक्की वर येते. भाषणं चालू असताना मी त्या ढगासारख्या पांढुरक्या डागाकडेच पाहत होतो. शेजारी रंगारी बसला होता. आता त्याचे केस पिकलेत.

"दोन हात दिलं तरी वर येतंय, सायेब," तो हळूच म्हणाला. "तिसऱ्या हातात झाकलं आसतं. म्या दिला न्हाई."