वहिनींचा फोन आणि राणी कलरचं पॅराशूट

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. लोकांनी परत न नेलेले फोन आणि किस्से! कामरगावातल्या माझ्या दुकानात फोनचा ढीग एवढा झाला की प्रकाश सर एक दिवस म्हणाले, "हे सारे आकाशात पाठवू!" तेव्हापासून किस्स्यांचा ढीग मोठा झालाय.

आमचं मंडळ चार जणांचं. प्रकाश सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. सुनंदा वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, शिवणकाम करतात. गजूभाऊंचं शेत हे आमचं उड्डाणकेंद्र. आणि फोनवाला मी. रॉकेटची छोटी मोटर रीतसर विकत आणतो, नळी आम्ही बनवतो आणि मेंदू म्हणून आत फोन बसवतो. फोन झटके मोजतो, व्हिडिओ काढतो, आणि रॉकेट उड्डाणाच्या माथ्यावर पोचलं की हेडफोनच्या छिद्रातून एक 'टूं' सोडतो. त्या आवाजावर खटका सुटतो, टोपण उघडतं, पॅराशूट बाहेर! यासाठी वेगळी यंत्रं मिळतात म्हणे. आमच्याकडे फोन होते.

*

पहिल्या उड्डाणाला आम्ही लांब वायर घेऊन बांधावर बसलो. सरांनी उलटे आकडे सुरू केले. पाच, चार, तीन... आणि खट्! रॉकेट जागच्या जागी, टोपण उडालं आणि पॅराशूट मातीत लोळायला लागलं!

धावत जाऊन पाहतो तर फोनवर माझ्या रिठदच्या मामांचा कॉल. सिम माझंच होतं ना! रिंगटोन हेडफोनच्या छिद्रातून गेली. खटक्याला काय कळतं, 'टूं' कोणती आणि रिंगटोनचं भजन कोणतं!

मामा म्हणाले, "काही नाही बे, सहजच लावला. काय करून राह्यला?"

"रॉकेट उडवून राह्यलो, मामा!"

"मंग उडव ना! मले कायले सांगतं?"

*

पुढच्या वेळी शहाणे झालो. फोन फ्लाइट मोडवर टाकला. रॉकेट सरळ गेलं, पॅराशूट उघडलं, आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. आणि रॉकेट जाऊन पडलं डोक्याएवढ्या तुरीत. आता रिंग देऊन शोधावं, तर फोन फ्लाइट मोडवर! अख्खी दुपार चौघं जण तूर तुडवत फिरलो.

गजूभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "बाप्पा, रॉकेट पडलं का हार्वेस्टर?"

त्या दिवशी नियम झाला. रॉकेटसाठी वेगळं सिम घ्यायचं, आणि त्याचा नंबर चौघांखेरीज कोणालाही द्यायचा नाही.

*

पहिलं पॅराशूट आम्ही पुरुषांनी छत्रीच्या कापडाचं शिवलं होतं. तिसऱ्या खेपेला ते हवेतच उसवलं आणि माझ्या ढिगातला एक फोन शहीद झाला. वहिनींनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे टाके कोनं घातले? सुईनं घातले का खुरप्यानं?"

आठवडाभरात नवीन पॅराशूट हजर! चकचकीत राणी कलर, दुहेरी शिलाई, कुठूनही दिसेल असं. सरांनी भीत भीत विचारलं, "कापड कुठलं गं?"

"तुमी उडवाचं पाहा. कापडाचं मी पाहून घेतो!"

*

नव्या पॅराशूटचं पहिलं उड्डाण झकास झालं. दुकानात बसून आम्ही फोनमधला व्हिडिओ पाहत होतो. सर सांगत होते, "रॉकेट स्वतःभोवती किती फिरतं ते बघा." तेवढ्यात गजूभाऊ ओरडले, "थांबव! मागं घे! मोठं कर!"

आम्हाला वाटलं, यांनी काहीतरी शोध लावला.

"माह्या हरबऱ्यात ढोरं कोनाचे घुसले?"

वरून ढोरंही दिसत होती आणि बांधावर झोपलेला त्यांचा मालकही. गजूभाऊ व्हिडिओ घेऊन त्याच्या घरी गेले. रॉकेटचा गावाला उपयोग काय, हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारला नाही.

*

पण उंचीच्या बाबतीत गजूभाऊ ऐकायला तयार नव्हते. "कडुलिंबाच्या वरतं गेलंच नाही," हे त्यांचं पालुपद. जुन्या फोनमध्ये हवेच्या दाबावरून उंची मोजायची सोय नव्हती, त्यामुळे पुरावा देता येईना. ती सोय होती फक्त वहिनींच्या फोनमध्ये. आणि त्या फोनमध्ये होती त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं, डिझाइनं, फोटो. ऐन लग्नसराईत!

वहिनींनी फोन दिला, पण अट घालून. "फोन फुटला तर रॉकेट कायमचं बंद. चुलीत घालीन मी ते!"

सरांचा चेहरा उतरला. तरी पण कॉलेजची पोरं, अर्धं गाव शेतात जमलं होतं. माघार कशी घेणार? ऐन वेळी कळलं, आमच्या गुप्त सिमचा रिचार्ज संपलाय. शेवटी वहिनींचंच सिम ठेवलं. त्यांनी आदल्या दिवशीच सगळ्या गिऱ्हाइकांना बजावलं होतं, सकाळी फोन करायचा नाही. फक्त इंझोरीच्या एक ताई कोणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. मुलीचं लग्न तोंडावर, रोज विचारायच्या, "लेहंगा झाला काय?" आणि वहिनी रोज सांगायच्या, "झालाच समजा ताई, फक्त अस्तर लावाचं राह्यलं!"

बटण दाबलं. रॉकेट असं गेलं, असं गेलं की पोरांच्या टोप्या पडल्या! माथ्यावर पोचलं, वळलं आणि नाक खाली करून निघालं. पॅराशूट नाही! टोपण जागेवरच!

"ॲप हँग झालं वाटते," मी पुटपुटलो. सरांनी डोळे मिटले. वहिनी पदर तोंडाशी धरून, पापणी न हलवता वर पाहत होत्या.

आणि खट्! राणी कलर आकाशात फुलला! पोरांनी शिट्ट्या मारल्या, सरांनी मला उचललं. ॲप खरंच हँग झालं होतं, पण ऐन माथ्यावर पोचल्यानंतर. उंचीचा आकडा होता गावच्या पाण्याच्या टाकीच्या कितीतरी पट. गजूभाऊंनी तो पाहिला आणि कडुलिंबाचा विषय संपला!

पण ते नंतरचं. आधी आम्ही सगळे तुरीकडे पळालो. या वेळी शोधावं लागलंच नाही. फोन आतून वाजतच होता. बंद व्हायचा, परत वाजायचा.

वहिनींनी हेडफोनची पिन उपटली, फोन कानाला लावला. दुसऱ्या हाताने पॅराशूट गोळा करत, मोठ्या रुबाबात म्हणाल्या,

"हो ताई! तुमच्या लेहंग्याचं अस्तर आत्ता माह्या हातातच हाय!"