दाजींची फुंकणी

जगातली सगळी माणसं डोळ्यांनी बघतात, माझे साडू तेवढे कानांनी बघत. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, हे यजमान. साताऱ्याकडच्या रिवाजाप्रमाणे बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो, आणि मी त्यांचा 'पावणं' झालो. नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका शेठच्या पेढीवर. दिवसभर कानाशी सळया आणि पत्रे आदळायचे. दुसरा एखादा बहिरा झाला असता. दाजींच्या कानांना मात्र त्या खणखणाटात धार आली होती. आमच्याकडं जेवायला आले की हात धुवायच्या आधी पंख्याखाली मान वाकडी करून उभे राहायचे. "बेरिंग जाणार हाय याचं," असं गंभीरपणे सांगायचे, आणि पंखा पुढं वर्षानुवर्षं बिनतक्रार फिरायचा. जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीतला पाण्याचा पंप, शेजारणीचा मिक्सर, सेक्रेटरींचा गुडघा, या सगळ्यांचं निदान त्यांनी फुकटात करून टाकलं होतं आणि ते बहुतेक चुकलं होतं. चुकलं म्हणून त्यांचा उत्साह कमी झालेला मी कधी पाहिला नाही.

या तपासणीचं हत्यार एकच, गावाकडच्या चुलीची पितळी फुंकणी. फ्लॅटमध्ये गॅस आला, चूल गेली, पण अक्कांनी लग्नात आणलेली फुंकणी टाकून देववेना. तिचं एक टोक यंत्राला, दुसरं कानाला लावून दाजी डोळे मिटायचे. मग आजूबाजूला जो सापडेल त्याच्या कानाला ती लावून विचारायचे, "ऐकू येतंय का?" येतंय म्हणेपर्यंत सुटका नसे.

अक्कांची पाठ दुखायला लागली तेव्हाही निदान दाजींनीच केलं. आधी गादी बदलली, मग पलंगावर फळी टाकली, मग "वय झालं आता, दुखायचंच" म्हणून तेल चोळत राहिले. अक्काही हसून बरं म्हणाल्या. इस्पितळात नेलं तेव्हा कॅन्सर मणक्यात उतरला होता. दर आठवड्याला खाडीचा पूल ओलांडून मुंबईला न्यायचं, आणि त्यांना धड बसता येईना की उभं राहता येईना. शेठनं आपली जुनी गाडी दाजींना देऊन टाकली. मागच्या सीटवर गोधड्या अंथरून अक्का निजायच्या.

आणि त्या गाडीचं इंजिन टिकटिक वाजायचं.

शिरवण्याच्या आगरी गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून क्षणभर ऐकलं आणि परत लावलं. "टॅपेट वाजतंय, काका. जुनी गारी हाय, वाजायचीच. धोका नाय." दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. दाजींचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाठीलाबी मी ह्येच म्हणलो हुतो, पावणं. आन् गाडी पुलावर बंद पडली तर हिला कुठं घिऊन बसू?"

मग दर रविवारी सोसायटीच्या गेटाशी इंजिनाचा दरबार भरू लागला. पट्टा बदलला, प्लग बदलले. सेक्रेटरी दूध आणायला निघाले की कानाला काळं वंगण लावून परत यायचे. दसऱ्याला अक्कांनी हट्टानं गाडीची पूजा करवली होती, तेव्हाची सुपारी आत पडली असणार अशी दाजींना एकदा खात्री झाली आणि त्यांनी निम्मं इंजिन खोललं. निघाल्या चार अक्षता आणि एक वाळलेलं झेंडूचं फूल. वरून खिडकीतून अक्का म्हणाल्या, "अवो, त्या इंजनाला जरा इसावा घिऊ द्या की!"

शेवटी कळंबोलीच्या ट्रकवाल्यांमागं उभं राहून दाजी ते काम शिकले. टॅपेट म्हणजे इंजिनातल्या झडपा उघडणारे खटके; त्यांच्यातली फट वाढली की ते आपटत राहतात. दाजींनी एकेक फट मोजून बसवली. इंजिन गप्प झालं. त्यांनी अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले.

त्या आठवड्यात मी सोबत होतो. गाडी पुलावर चढली आणि दाजींनी माझ्याकडं विजयानं पाहिलं. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. अक्का कण्हत होत्या, प्रत्येक धक्क्याला. दर फेरीला कण्हत असणार. पण इतके दिवस दाजींचे कान इंजिनात होते. आपलं कण्हणं ऐकू गेलं हे अक्कांनाही कळलं असावं. आवाज एकदम थांबला. मी वळून पाहिलं, तर त्यांनी पदराचा बोळा तोंडात दाबून धरला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाजींनी आरशात तेच पाहिलं.

रविवारी ते पुन्हा बॉनेटमध्ये वाकलेले दिसले. "आता काय राहिलं, दाजी?" मी विचारलं.

"ढिलं करतोय," ते म्हणाले. पान्यावरून नजर वर केली नाही. "कण्हू दे तिला मोकळेपणी."

पुढच्या फेरीला पूल लागताच टिकटिक सुरू झाली आणि दाजी मोठ्यानं ओरडले, "ऐकू येतंय का पावणं? परत सुरू झालं बघा!" मीही तितक्याच मोठ्यानं म्हणालो, "येतंय की!" मग पूल संपेपर्यंत दाजी त्या गाडीला, ट्रकवाल्यांना, शिरवण्याच्या गॅरेजवाल्याला शिव्या घालत राहिले. मागं अक्का कण्हत होत्या, आणि मधेच म्हणाल्या, "न्हाई हुत दुरुस्त, तर ऱ्हाऊ द्या की आता." त्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढचा दसरा अक्कांनी पाहिला नाही. गाडी सोसायटीच्या गेटाशी तशीच उभी असते. रविवारी दाजी ती सुरू करून नुसते शेजारी उभे राहतात. सेक्रेटरी दूध घेऊन येताना हल्ली आपणहोऊन थांबतात, पण दाजी त्यांना काही विचारत नाहीत. एकदा मी म्हटलं, "दाजी, आता तरी टॅपेट घट्ट करून टाका."

"ऱ्हाऊ द्या, पावणं," ते म्हणाले. "घरात शांतताच हाय की." आणि त्यांनी फुंकणी माझ्यापुढं धरली. मी ती कानाला लावली आणि त्यांनी विचारायच्या आतच म्हणालो, "येतंय, दाजी."